वाटीत काय घालता ते आधी बघू : पोपटांच्या खाण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात पक्ष्यांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला, त्यातली निम्म्याहून जास्त पोपटांच्या खाण्याबद्दलची. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे म्हणून त्यातली काही निवडून घेतलीयेत.

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे तीन वर्षांचा कॉकाटील आहे. दुकानातून मिक्स दाणे आणतो पण तो त्यातलं फक्त सूर्यफूल वेचून खातो, बाकीचं सगळं चोचीने उडवून खाली टाकतो. गाजर, पालक दिलं तर घाबरून लांब जाऊन बसतो. हल्ली शिंकतो पण खूप. मध्ये मी दाणे पूर्ण बंद करून बघितले, दोन दिवस त्याने काहीच खाल्लं नाही, मग माझाच धीर सुटला आणि परत वाटी भरली. माझं चुकलं का? – एक वाचक, ठाणे

ताई, धीर सुटला ते फार बरं झालं. पोपट "भूक लागली की खाईल आपोआप" या जातीतला प्राणीच नाही. ज्याने जन्मापासून फक्त दाणे बघितलेत त्याला गाजर हे खाणं आहे हेच कळत नाही, त्याच्या लेखी ती पिंजऱ्यात आलेली कुठलीतरी भगवी वस्तू असते, आणि ती समोर असताना तो खरंच उपाशी मरू शकतो. त्यामुळे एकदम बंद करणं कधीच नाही, कितीही कोणी सांगितलं तरी.

आता सूर्यफुलाचं बघा. त्याच्या गरात जवळजवळ निम्मं तेल असतं. व्हिटॅमिन ए नसल्यात जमा, कॅल्शियम अगदीच कमी. आपण रोज तिन्ही वेळेला फक्त शेंगदाणे खाल्ले तर आपलं जे होईल तेच त्याचं होतं, फक्त त्याचं वजन ९० ग्रॅम असल्यामुळे खूप लवकर होतं. लिव्हरमध्ये चरबी साठते, चोच नको तितकी वाढायला लागते, पिसांची चमक जाते. आणि व्हिटॅमिन ए कमी पडलं की नाकातलं, तोंडातलं जे ओलसर अस्तर असतं ते जाड आणि कोरडं होतं, मग शिंका, नाक चोंदणं, डोळ्याखाली सूज हे सगळं मागोमाग येतं.

माझ्याकडे असा पक्षी आला की मी आधी टॉर्च लावून त्याचं तोंड उघडून बघते. टाळूला मधोमध एक फट असते आणि तिच्या दोन्ही कडांना बारीक बारीक काटेरी दाणे असतात, मांजराच्या जिभेवर असतात ना साधारण तसे. नीट खाणाऱ्या पक्ष्यात ते टोकदार, उभे दिसतात. फक्त सूर्यफुलावर जगणाऱ्यात ते झिजून सपाट झालेले असतात, जुन्या टूथब्रशसारखे, आणि कधी कधी त्याच्या बाजूला पांढरे फोडही असतात. बाहेरून पक्षी मस्त शिट्टी मारत असतो आणि आत हे चाललेलं असतं.

शिंकांसाठी मात्र एकदा पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेऊन दाखवाच, कारण ते इन्फेक्शनही असू शकतं आणि पोपटांचं एक इन्फेक्शन माणसाला पण होतं, घरात वयस्कर कोणी असेल तर उगाच थांबू नका.

आता बदल कसा करायचा. पहिलं काम म्हणजे किचनचा ग्रॅमवाला वजनकाटा आणा, ऑनलाइन सहज मिळतो. रोज सकाळी खाणं द्यायच्या आधी त्यावर एक छोटी काठी किंवा वाटी ठेवून पक्ष्याला बसवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकाला ते जास्तीचं वाटतं, पण पोपट आजार लपवतो, पिसं फुगवून गुबगुबीत दिसतो, आणि तुम्हाला कळेपर्यंत आत नुसता छातीचा हाडाचा कणा उरलेला असतो. काटा खोटं बोलत नाही. त्याचं वजन ९० असेल आणि ८१ च्या जवळ आलं तर सगळा प्रयोग थांबवून दाण्यावर परत यायचं, दोन आठवडे जाऊ द्यायचे, मग पुन्हा सुरू.

दाणे आता दिवसभर वाटीत ठेवायचे नाहीत. सकाळी उठल्यावर त्याला सगळ्यात जास्त भूक असते, तेव्हा आधी भाजी ठेवायची, तास-दीड तास. मग दाणे वीस-पंचवीस मिनिटं. दुपारी पुन्हा भाजी, संध्याकाळी पुन्हा दाणे. आणि त्या दाण्यातलं सूर्यफूल हळूहळू कमी करत राळं, बाजरी वाढवत न्यायची. राळं म्हणजे दुकानवाले ज्याला कांगणी म्हणतात तेच. भाजीचे मोठे तुकडे नकोत, गाजर बारीक किसणीवर किसा आणि त्यात त्याचे आवडते दाणे चोळून मिसळा म्हणजे दाणा उचलताना चोचीला गाजर लागतंच. कोथिंबिरीची किंवा मेथीची ओली जुडी पिंजऱ्याच्या गजाला चिमट्याने लावून ठेवली तर बरेच कॉकाटील आधी त्या पानांवर अंघोळ करतात, मग चावून बघतात, आणि तिथून गाडी सुरू होते.

अजून एक, त्याच्यासमोर बसून तुम्ही स्वतः खा. हे मी मनापासून सांगते. पोपट थव्याने खाणारा पक्षी आहे, थव्यातला दुसरा जे खातो ते सुरक्षित असं त्याचं गणित असतं, आणि तुमच्या घरात थवा म्हणजे तुम्हीच. गाजर कुरकुर आवाज करत खायचं, त्याला लगेच द्यायचं नाही, तो मान वाकडी करून बघायला लागला की मग एक तुकडा पुढे करायचा. माझ्याकडच्या एका पेशंटने चार महिने भाजीला चोच लावली नव्हती, त्यांच्या मुलीने शाळेतून येऊन रोज त्याच्यासमोर काकडी-गाजर खायला सुरुवात केली तर तिसऱ्या आठवड्यात तो तिच्या हातातून ओढून घ्यायला लागला.

पुढे जाऊन पेलेट्स, म्हणजे पोपटांसाठी गोळ्यांच्या रूपात मिळणारं तयार खाणं, मिळाले तर बघा, चांगल्या कंपनीचे पेलेट्स निम्म्याहून जास्त आणि बाकी भाजी, थोडं फळ, दाणे फक्त लाड म्हणून, असं जमलं तर उत्तमच. पण ते महाग पडतात हे मला माहितीये. नाही जमले तर मोड आलेले मूग, मटकी, शिजवलेली ज्वारी, ब्राऊन राईस, लाल भोपळा, रताळं उकडून, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पानं हे सगळं आपल्या मंडईत मिळतंच की. शेवग्याच्या पाल्याला तर मी सोनंच म्हणते, व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम दोन्ही त्यात भरपूर, आणि कुणाच्या तरी अंगणात फुकट मिळतो. पालक मात्र कधीतरीच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. मोड आलेलं कडधान्य दोन तासांनी काढून टाकायचं, आपल्याकडच्या उकाड्यात ते लगेच आंबतं.

पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब असतात त्याच्या भरवशावर राहू नका. पाण्याची चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, थेंब उजेडाने खराब होतात आणि पाणी बुळबुळीत होतं.

तीन महिने लागतील, कदाचित सहा. लागू द्या.

प्रश्न : मॅडम, आमच्या आईंनी आठ वर्षांपूर्वी जत्रेतून हिरवा पोपट आणला, नाव मिठू. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची हेच त्याचं मुख्य जेवण. सकाळी आईंच्या चहात बुडवलेली चपाती, दुपारी कधी शेव, पापडाचा तुकडा, रात्री थोडं दूध. आता जाड झालाय आणि छातीवरची पिसं उपटतो. डाळ-मिरची बंद करावी का? – एक वाचक, सातारा जिल्हा

दादा, आधी एक अवघड गोष्ट सांगते, राग मानू नका. आपल्याकडचा हिरवा पोपट, गळ्यात कंठी असलेला, हा जंगली पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडणं, विकणं, घरात पाळणं सगळं बेकायदा आहे. जत्रेत विकतात म्हणून ते चालतं असं नाही. घरट्यातून काढलेल्या पिल्लांपैकी कितीतरी पोत्यात, टोपल्यात गुदमरून आधीच मेलेली असतात, त्यातलं एक तुमच्या आईंपर्यंत पोचलं. आईंनी आठ वर्षं जीव लावलाय त्याला, त्यात मला शंकाच नाही, पण तुम्ही वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून त्यांच्याशी बोला. फक्त एक करू नका, "चला सोडून देऊ" म्हणून गच्चीवरून उडवू नका. आठ वर्षं पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याच्या पंखात ताकद नसते, खाणं शोधता येत नाही, कावळे आणि घारी त्याला दुसरा दिवस बघू देत नाहीत. सोडायचा असेल तर तो तयारी करून, योग्य माणसांच्या हातूनच सुटला पाहिजे.

तोपर्यंत त्याच्या पोटाचं बघू. मिरचीला तुम्ही उगाच घाबरताय. मिरचीत जे तिखट असतं ते आपल्या जिभेला भाजतं, पक्ष्यांच्या शरीरात ते जाणवायची यंत्रणाच वेगळी आहे, त्यांना ते तिखट लागत नाही. उलट मिरचीत व्हिटॅमिन ए आणि सी चांगलं असतं, आणि तिच्या बिया पोपट किती निवांतपणे एकेक सोलून खातो ते बघत राहावंसं वाटतं. मिरची राहू द्या. ताजी, धुतलेली.

डाळ पूर्ण बंद नको पण तीच ती नको. एकटी हरभऱ्याची डाळ म्हणजे आपण जन्मभर फक्त पिठलं खाण्यासारखं झालं. आणि भिजवलेली डाळ सकाळपासून रात्रीपर्यंत वाटीत पडून असते, बोट लावून बघा, चिकट लागते, वास येतो, ती पोटात जाऊन काय करत असेल. रानातला हा पोपट दिवसाचे कितीतरी तास हिंडून खातो. उंबर, वडाची फळं, कच्चा पेरू, ज्वारीचं कोवळं कणीस, बाभळीच्या शेंगा, काटेसावर फुलली की त्या लाल फुलांमधला रस. तुम्ही खेड्यात राहता म्हणजे यातलं बरंच तुमच्या बांधावरच आहे. उंबराची फांदी फळांसकट धुऊन पिंजऱ्यात लावा, ज्वारीचं अख्खं कणीस द्या, शेवग्याची शेंग द्या, मक्याचं अर्धं कणीस. फोडायला, सोलायला, लटकून काढायला मिळालं की चोच कामात राहते. पिसं उपटण्यामागे कधी आजार असतो, कधी खुराक, पण आठ वर्षं एकट्याने रिकामं बसून राहणं हे पण फार मोठं कारण असतं.

शेव, पापड, चहा, दूध हे मात्र आजपासून बंद. मिठू असेल फार तर १२० ग्रॅमचा. ६० किलोच्या माणसाच्या ५०० वा भाग. म्हणजे त्याने खाल्लेली शेवेची एक काडी ही आपल्या ५०० काड्यांबरोबर झाली, आणि तितकं मीठ त्याच्या इवल्याशा किडनीतून जायचंय. चहातलं कॅफिन हृदयाला वाईट. दूध पक्ष्यांना पचत नाही, पिल्लाला दूध पाजणारा तो प्राणीच नव्हे. आईंना वाईट वाटेल, तर त्यांना सांगा की चहाच्या वेळेला त्याला कोरड्या भाकरीचा सुपारीएवढा तुकडा द्या, बिनमिठाचा, त्याला चहा नको असतो, आईंच्या शेजारी बसून खायचं असतं.

प्रश्न : आमच्याकडे लव्हबर्ड्सची जोडी आहे (दुकानदार लव्हबर्ड्स म्हणाला, गुगलवर बघितलं तर बजी आहेत). पिंजऱ्यात मडकं लावलंय. मादीने वर्षात चौथ्यांदा अंडी घातली, या वेळेला एक अंडं पातळ कवचाचं निघालं आणि ती दोन दिवस मलूल होती. वाटी तर कायम भरलेली असते. – एक वाचक, पिंपरी

आधी त्या भरलेल्या वाटीवर एक फुंकर मारून बघा. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, वरून वाटी काठोकाठ दिसते आणि खाली एक दाणा नसतो. भरल्या वाटीसमोर उपाशी मेलेले बजी मी बघितलेत. रोज टरफलं उडवून नवीन दाणे घाला.

आता अंड्याचं. एवढ्याशा ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला कवच बनवायला कॅल्शियम कुठून मिळणार, तर ते ती स्वतःच्या हाडातून काढते. चार वेळा काढलं. पातळ कवच ही शेवटची सूचना समजा, पुढच्या वेळेला अंडं आत अडकू शकतं. ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाला बसली, शेपूट वरखाली हलवत जोर लावतेय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, सकाळची वाट बघायची नाही.

मडकं काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं. मडकं दिसलं की मादीला घरटं दिसतं. संध्याकाळी लवकर पिंजऱ्यावर कापड टाकून दहा-बारा तासांची पूर्ण अंधाराची झोप द्या, दिवस लांब वाटला की शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. उकडलेलं अंडं, मऊ ओलं खाणं यांचा मारा सध्या थांबवा, त्यानेही तेच होतं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस आणा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, कोकणात किनाऱ्यावर वाहून आलेला पडलेला असतो, माकुळाच्या जातीतल्या प्राण्याचं आतलं हाड ते. किनाऱ्यावरचा असेल तर दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून, कडक उन्हात वाळवा आणि मऊ बाजू पक्ष्याकडे येईल असा गजाला बांधा. नाचणीला मोड आणून द्या, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. आणि सकाळचं कोवळं ऊन हवंच, अर्धा तास, पिंजऱ्याची एक बाजू सावलीत ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, हाडांसाठी लागणारे किरण काच अडवते.

वाळू किंवा बारीक खडे पण कोणी द्यायला सांगतील, त्याची पोपटांना गरज नाही, ते दाणा सोलून खातात. कबुतरं अख्खा गिळतात, त्यांचं वेगळं.

प्रश्न : आम्ही दुबईत असतो. आमचा आफ्रिकन ग्रे सहा वर्षांचा आहे, दाणे आणि भरपूर फळं खातो. परवा दांडीवरून खाली पडला, पंख थरथरले, मिनिटभरात ठीक झाला. फळं कमी पडतायत का? – एक वाचक, दुबई

हे पत्र पोचायच्या आत तुम्ही डॉक्टरकडे गेला असाल अशी आशा करते, नसाल तर आज जा. आफ्रिकन ग्रेमध्ये रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन असे झटके येतात, या जातीत हे विशेषच दिसतं, आणि दाणे अधिक फळं हे नेमकं त्याला पोचवणारं जेवण आहे. फळात पाणी आणि साखर, कॅल्शियम जवळपास नाहीच. त्यात तिकडे वर्षभर एसी आणि बंद काचा, म्हणजे ऊनही नाही. झटक्यांना दुसरीही कारणं असतात, शिसं किंवा जस्त पोटात गेलं तरी येतात, त्यामुळे रक्त तपासून घ्या.

तपासणीनंतर पेलेट्स मुख्य, गडद हिरव्या पाल्याच्या भाज्या, बदाम एखाद-दुसरा, आणि पक्ष्यांसाठीचा यूव्हीबी दिवा (उन्हातले हाडांना लागणारे किरण देणारा) कसा, किती अंतरावर लावायचा ते डॉक्टरांनाच विचारा. व्हिटॅमिन डी ३ चे थेंब आपल्या मनाने देऊ नका, जास्त झालं की किडनीत कॅल्शियम साठतं आणि ते परत काढता येत नाही.

प्रश्न : द्राक्षं, डाळिंब, सीताफळ, ॲव्होकाडो यातलं काय चालतं? – एक वाचक, नाशिक

डाळिंब बिनधास्त, अर्ध फोडून तसंच लटकवा, भिंतीवर डाग पडतील त्याची तयारी ठेवा. द्राक्षं चालतात पण तुम्ही नाशिकचे, फवारणी किती असते ते मी तुम्हाला काय सांगायचं, बराच वेळ पाण्यात ठेवून चोळून धुवा आणि दोन-तीनच. सीताफळाचा गर चालेल, बिया सगळ्या काढून, त्या विषारी असतात. सफरचंदाच्या बिया पण काढायच्या. ॲव्होकाडो अजिबात नाही, थोडासुद्धा नाही, त्यातल्या एका द्रव्याने पक्ष्याचं हृदय बंद पडतं. चॉकलेट, कॉफी, कांदा, लसूण नाही. खवट किंवा बुरशीचा जरा जरी वास आलेला शेंगदाणा नाही, ती बुरशी लिव्हर खाते. कच्चा भिजवलेला राजमा नाही, पूर्ण शिजवलेला चालतो.

आणि खाण्याचं नाही पण स्वयंपाकघराचं आहे म्हणून सांगते, नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने शेजारच्या खोलीतला पोपट काही मिनिटांत मरतो. पिंजरा किचनपासून लांब, आणि शक्य असेल तर तो तवाच बदला, लोखंडाचा बिडाचा काय वाईट असतो.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, अजून डोळे नीट न उघडलेलं कॉकाटीलचं पिल्लू घेतलंय. लहान बाळांचं सिरीयल दुधात कालवून भरवते. रात्रीचं सकाळपर्यंत गळ्यात तसंच साठलेलं दिसतं. – एक वाचक, पुणे

दूध आत्ता थांबव. गळ्यातली पिशवी सकाळपर्यंत रिकामी झालीच पाहिजे, नाही झाली म्हणजे आतलं अन्न सडतंय, आज डॉक्टरकडे ने, वरून नवीन भरवू नकोस. पुढे पक्ष्यांच्या पिल्लांसाठीची हँडफीडिंग पावडर मिळते तीच, कोमट पाण्यात, आणि थर्मामीटर लावून ४० डिग्रीच्या आसपास. गार असेल तर साठून राहतं, ४३-४४ च्या वर गेलं तर पिशवी आतून भाजते, बोटावर अंदाज घेऊ नकोस. मैत्रिणींना पण सांग, स्वतःचं स्वतः खाणारं पिल्लूच घ्यायचं. दुकानदार म्हणतात हाताने भरवलं की माया लागते, माया नंतरही लागते.

प्रश्न : तुमचं वाचून आमच्या सन कोन्यूरला बीट दिलं, त्याने आवडीने खाल्लं, पण आज त्याची शी लालभडक! – एक वाचक, कोल्हापूर

बीटच आहे ते. उद्या बीट देऊ नका, तळाला पांढरा कागद घाला आणि परवा सकाळचा कागद बघा. लाल गेलं असेल तर निश्चिंत पुन्हा बीट द्या. बीट न खाता लाल दिसलं तर तोच कागद घडी घालून घेऊन डॉक्टरकडे जा.